स्टॉर्म चेसिंगची ट्रिप: सकाळी उठल्यापासून रात्री मोटेलवर पोचेपर्यंत गाडीत राहायचं कसं

टॉर्नेडोचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात की आम्हालाही यायचंय, कॅमेरा कुठला घेऊ, ड्रोन आणू का वगैरे. कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी हे पक्कं समजून घ्या की चेसिंग (वादळांच्या मागे जाऊन ती बघणं) म्हणजे मुख्यतः ड्रायव्हिंग आहे. एका दिवसात ४००-५०० मैल सहज होतात, त्यात वादळासमोर उभं राहायचा वेळ कधी तासभर, कधी दहा मिनिटं, आणि कित्येकदा दिवसभर वाट बघून ढगच तयार होत नाहीत. बाकीचा सगळा वेळ गाडी, गॅस स्टेशन आणि मोटेल. म्हणून हा लेख ढगांपेक्षा रस्त्याबद्दल जास्त आहे, कारण माझं ठाम मत आहे की ज्यांची झोप, जेवण, पेट्रोल आणि आपसातलं बोलणं नीट असतं त्यांनाच वादळ धड बघता येतं, आणि तेच सुखरूप परत येतात.

कधी आणि कुठे

अमेरिकेच्या मधल्या सपाट पट्ट्यात, म्हणजे टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का, पूर्व कोलोरॅडो, पुढे साउथ डकोटा आणि आयोवा. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी दमट हवा आणि नैऋत्येच्या वाळवंटाकडून येणारी कोरडी हवा इथे एकमेकींना भिडतात, त्या सीमेला ड्रायलाइन म्हणतात, आणि वरून जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावर वेगाने वाहणारा, वारा मिळाला की फिरणारी वादळं, म्हणजे सुपरसेल, तयार होतात. एप्रिल-मेमध्ये जोर दक्षिणेकडे असतो, जूनमध्ये जेट स्ट्रीमबरोबर तो उत्तरेकडे सरकतो. पहिलीच ट्रिप असेल तर मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ धरा आणि निदान ८-१० दिवस हातात ठेवा. वीकेंडला जोडून दोन दिवस सुट्टी काढून काही होत नाही, कारण कधीकधी अख्खा आठवडा वातावरण थंड पडतं.

विमानाने येणार असाल तर डॅलस, ओक्लाहोमा सिटी किंवा डेन्व्हर. मी डॅलसला झुकतं माप देईन कारण इथे देशी ग्रोसरी भरपूर आहे आणि मराठी मंडळीही पुष्कळ, निघायच्या आदल्या रात्री कुणाकडे तरी जेवण होतंच. भारतातून येणाऱ्यांनी मूळ लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवावं. पण तुम्हाला अमेरिकेत गाडी चालवायची सवय नसेल तर पहिल्या वर्षी स्वतः चालवूच नका, व्हॅनमधून नेणाऱ्या टूर कंपन्या आहेत त्यांच्याबरोबर जा. उजव्या बाजूने चालवायची सवय करायची जागा म्हणजे गारांचा पाऊस नव्हे.

गाडी

फार मोठी गाडी लागत नाही, साधी एसयूव्ही पुरते. टायर मात्र चांगलेच हवेत, घासलेले असतील तर निघायच्या आधी बदला, यावर पैसे वाचवू नका. पावसाने भरलेल्या हायवेवर टायर पाण्यावर तरंगायला लागले की ब्रेक, स्टिअरिंग कशाचाच उपयोग नसतो. वायपर नवीन घाला, वॉशरचं पाणी भरून एक कॅन डिकीत ठेवा कारण संध्याकाळी या भागात काचेवर किड्यांचा थर बसतो आणि समोरचं काही दिसत नाही.

स्वतःची गाडी असेल तर इन्शुरन्समध्ये कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे का बघा, गारांचं नुकसान त्यातच येतं. भाड्याची असेल तर अ‍ॅग्रीमेंट पूर्ण वाचा, बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात आणि तिथे काही झालं तर भरपाई तुमच्या अंगावर येते. गारा म्हणजे आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये द्राक्षबागा झोडपतात तेवढ्याच नसतात, इथे टेनिस बॉलएवढ्या गारा हंगामात अनेकदा पडतात, आणि साउथ डकोटातल्या व्हिवियन गावी २३ जुलै २०१० ला पडलेली गार तर ८ इंच व्यासाची होती.

गाडीत काय हवं ते एका दमात सांगतो: स्पेअर टायर (खरोखर हवा भरलेला), टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, टॉर्च, फर्स्ट एड, प्रत्येकाला एक हेल्मेट (काच फुटली तर डोकं वाचतं, सायकलचं चालेल), दोन-तीन जुने टॉवेल, वेट वाइप्स, टॉयलेट पेपर, प्रत्येक फोनला वेगळी चार्जिंग केबल, पॉवर बँक, थोडी कॅश, आणि कागदी रोड अ‍ॅटलस. अ‍ॅटलस ऐकून नवीन पोरं हसतात पण पश्चिम कॅन्सस आणि टेक्सास पॅनहँडलमध्ये (टेक्सासचा उत्तरेकडे वर आलेला भाग) फोनला रेंज जाते म्हणजे जातेच, आणि नेमकी वादळाजवळ जाते. गुगल मॅप्सचे ऑफलाइन नकाशे त्या त्या राज्याचे आधीच उतरवून घ्या. एक वेदर रेडिओही घ्या, स्वस्तात मिळतो, नॅशनल वेदर सर्व्हिसच्या वॉर्निंग त्यावर इंटरनेटशिवाय येतात.

कपड्यांमध्ये फक्त एक गोष्ट, बंद बूट आणि फुल पँट. गवतात उभं राहावं लागतं आणि ओक्लाहोमा-कॅन्ससच्या गवतात गोचिडं असतात, रात्री मोटेलवर आल्यावर पाय नीट तपासायचे. सनस्क्रीन लावा, कारण दुपारचे चार-चार तास गॅस स्टेशनच्या पार्किंगमध्ये उन्हातच जातात.

खाणं

आपल्या लोकांसाठी, विशेषतः शाकाहारी असाल तर, याचा विचार आधी करावा लागतो. या भागातली छोटी गावं म्हणजे एक गॅस स्टेशन, एक धान्याचं कोठार, एखादं डायनर (छोटं हॉटेल), आणि ते डायनर रात्री आठ-नऊला बंद. चेस संपतो अंधार पडल्यावर, मे अखेरीला सूर्यच पावणेनऊच्या आसपास मावळतो, म्हणजे तुम्ही गावात पोचेपर्यंत किचन बंद झालेलं असतं. म्हणून माझा नियम: मुख्य जेवण दुपारी बारा-एकला पोटभर करायचं, रात्रीचं जेवण मिळेल असं धरायचंच नाही.

कुठे काय मिळतं ते बघा. ओक्लाहोमा-कॅन्ससमध्ये ब्रॉम्स आहे, तिथलं आइस्क्रीम आणि दूध उत्तम. आयोवा-नेब्रास्का-कॅन्ससच्या छोट्या गावात केसीज असतं, गॅस स्टेशनच आहे पण पिझ्झा ताजा असतो आणि चीज पिझ्झा मिळतो. टाको बेलचा बीन बरिटो आणि सबवे हा शाकाहाऱ्यांचा आधार. गावातल्या मेक्सिकन हॉटेलात राजमा-भात दिसला की आनंद होतो पण आधी विचारा, बीन्समध्ये बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी घालतात. पॅनहँडलमध्ये ऑलसप्सचा तळलेला बरिटो चेसर लोकांत फार प्रसिद्ध आहे, त्यात बीफ असतं हे माहीत असू द्या. आणि मांसाहारी असाल तर इथली पद्धत अशी की टॉर्नेडो दिसला की रात्री स्टेक खायचा, अमरिलोला बिग टेक्सन नावाचं हॉटेल त्यासाठी पर्यटकांनी भरलेलं असतं.

पण खरा आधार घरच्या डब्याचा. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी, बेसनाचे लाडू, हे सगळं चार-पाच दिवस सहज टिकतं. छोटा इलेक्ट्रिक कुकर बरोबर ठेवला तर मोटेलवर रात्री अकरा वाजता मुगाच्या डाळीची खिचडी होते, वर मेतकूट आणि तूप, आणि दिवसभराच्या धावपळीनंतर ती खिचडी खाल्ली की दुसऱ्या दिवशी माणूस परत उभा राहतो. (मोटेलमध्ये स्वयंपाकाला परवानगी आहे का ते काउंटरवर विचारा. छोट्या गावातली बरीच मोटेल्स गुजराती कुटुंबं चालवतात, नीट विचारलं तर बहुतेक वेळा अडचण येत नाही, कधीकधी गरम चहासुद्धा मिळतो.) कूलरमध्ये रोज सकाळी मोटेलच्या मशीनमधून बर्फ भरायचा, पाणी माणशी निदान दोन-तीन लिटर.

सकाळ: घाई करू नका

ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथे स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे, एसपीसी म्हणतात. त्यांचा त्या दिवसाचा आउटलुक, म्हणजे वादळांचा अंदाज, सेंट्रल टाइमने रात्री १, सकाळी ८, साडेअकरा, दुपारी ३ आणि रात्री ८ ला येतो. जोखमीचे पाच स्तर आहेत, मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि हाय. नवीन लोकं फक्त नकाशावरचे रंग बघतात, तसं करू नका, खाली लिहिलेला मजकूर पूर्ण वाचा, वादळ कुठे आणि कधी सुरू होईल, एकेकटी राहतील की लगेच एकत्र होऊन रांग बनेल, हे त्यातच असतं. मॉडरेट रिस्कच्या दिवशी सगळी वादळं एकमेकात मिसळून काहीच दिसत नाही आणि स्लाइटच्या दिवशी पॅनहँडलमध्ये एकच सुंदर सुपरसेल तासन्‌तास फिरत राहतो, असं खूपदा होतं.

सकाळी ७ च्या हवामान-बलूनचे (उंचावरच्या हवेची मोजमापं घेणारा फुगा) आकडे बघा, मग दर तासाला येणारं एचआरआरआर हे अंदाजाचं कॉम्प्युटर मॉडेल बघा, पण त्याच्या एका रनवर (एका वेळच्या अंदाजावर) भाळू नका, तीन-चार रन एकच गोष्ट सांगतायत का ते तपासा. मग नकाशावर एक गाव निवडायचं, त्याला टार्गेट म्हणतात. टार्गेट निवडताना ढगांइतकाच रस्त्यांचा विचार करा. कॅन्सस आणि पश्चिम ओक्लाहोमात दर मैलाला चौकोनी जाळ्यासारखे रस्ते आहेत, तिथे फिरणं सोपं. पॅनहँडलमध्ये पालो ड्युरो कॅन्यन आणि कॅनेडियन नदी आडवी येते, पूल मोजकेच. नेब्रास्काच्या सँडहिल्समध्ये मैलोनमैल रस्ता नाही. पूर्व ओक्लाहोमा आणि आर्कान्सामध्ये झाडी आणि डोंगर, काही दिसतच नाही, त्यामुळे पहिल्या ट्रिपला तिकडे जाऊ नका. ओक्लाहोमा सिटी, विचिटा, डॅलस अशा शहरांतही चेस करायचा नाही, ट्रॅफिकमध्ये अडकलात तर पळायला जागा राहत नाही.

रात्री एकला झोपला असाल तर सकाळी साडेआठ-नऊपर्यंत झोपा. बहुतेक वादळं दुपारी तीन-चारनंतरच सुरू होतात. फक्त टार्गेट लांब असेल तर लवकर निघावं लागतं, आणि ते टाळायचं असेल तर आदल्या रात्रीच त्या दिशेने थोडं पुढे जाऊन मुक्काम करायचा.

दुपार: वाट बघणं

टार्गेटला दोन-अडीचपर्यंत पोचा. पहिलं काम टाकी फुल करणं. पश्चिमेकडे पुढचं गॅस स्टेशन ५०-६० मैलांवर असू शकतं, आणि वादळाने गावाची वीज गेली की पंपही बंद पडतात, म्हणून टाकी अर्धी झाली की भरायचीच, "पुढे बघू" म्हणायचं नाही. दुसरं काम बाथरूम. यावर लाजू नका, गाडीतल्या प्रत्येकाने जाऊन या, नंतर चार तास संधी मिळत नाही. बायका बरोबर असतील तर स्वच्छ बाथरूमच्या हिशेबाने मोठा ट्रक स्टॉप निवडा, लव्ह्जसारखे.

मग थांबायचं. वातावरणात कधीकधी वरच्या बाजूला उबदार हवेचा थर असतो, त्याला कॅप म्हणतात, खालची हवा कितीही तापली तरी तो फुटेपर्यंत ढग वर जात नाही. सहा वाजेपर्यंत आकाश कोरं आणि साडेसहाला पन्नास हजार फुटांचा ढग, हेही होतं, आणि दिवसभर काहीच न होणं हेही. या तासांत गाडीतले लोक चिडचिडे होतात, कुणाला उत्तरेला जायचं असतं कुणाला दक्षिणेला. निघायच्या आधीच ठरवून ठेवा की शेवटचा निर्णय कुणाचा, आणि कुणीही एकाने "मला भीती वाटतेय, मागे फिरू" म्हटलं तर वाद न घालता फिरायचं. हा नियम आमच्या गाडीत सगळ्यात वरचा आहे.

संध्याकाळ: प्रत्यक्ष चेस

कामं वाटलेली पाहिजेत. ड्रायव्हर फक्त गाडी चालवणार, फोन नाही, रडार नाही, फोटो नाही. शेजारचा नेव्हिगेटर, त्याच्याकडे रडारस्कोप (फोनवर रडार दाखवणारं अ‍ॅप) आणि नकाशा, तो मोजून बोलणार: "दोन मैलांवर लेफ्ट, डांबरी रस्ता." मागचा माणूस बाहेर बघणार आणि वॉर्निंग ऐकणार. एकट्याने चेस करणारे पुष्कळ आहेत, मी कुणालाही तसं सुचवणार नाही.

वादळ साधारण ईशान्येला जात असेल तर तुम्ही त्याच्या आग्नेयेला असायला हवं. तिथून वादळाचा न बरसणारा काळा तळ दिसतो, टॉर्नेडो आला तर तिथूनच खाली उतरतो, आणि गारा-पाऊस त्याच्या उत्तरेला राहतो. उत्तरेकडून पावसातून घुसून तळाखाली निघायचा मोह होतो, तो अजिबात करू नका. अंतर पहिल्या वर्षी तीन-चार मैल ठेवा, फोटो तिथूनही छान येतात. आणि दक्षिणेला किंवा पूर्वेला पळायचा एक डांबरी रस्ता कायम हाताशी ठेवा. कच्चा रस्ता पाऊस पडल्यावर चिखल होतो, ओक्लाहोमाची लाल माती आणि कॅन्ससची चिकणमाती फोर व्हील ड्राइव्हलाही सोडत नाही.

रडारवर जे दिसतं ते चार-पाच मिनिटं जुनं असतं हे विसरू नका. वादळ ताशी ४० मैलांनी पळत असेल तर तेवढ्या वेळात ते तीन मैल पुढे गेलेलं असतं. म्हणून डोळ्यांवर विश्वास आधी, स्क्रीनवर नंतर, आणि डोळ्यांना दिसत नसेल, म्हणजे पावसात गुरफटलेला टॉर्नेडो असेल किंवा अंधार पडला असेल, तर चेस संपला.

३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रीनोजवळ २.६ मैल रुंदीचा टॉर्नेडो झाला, त्याने अचानक दिशा आणि वेग बदलला, आणि त्यात टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. समारास हे या क्षेत्रातले अत्यंत काळजीपूर्वक काम करणारे संशोधक मानले जायचे. त्यांच्याबद्दल वाचताना मला दरवेळी हेच वाटतं की अनुभव वाढला म्हणून अंतर कमी करायचं नसतं.

थांबताना गाडी पूर्ण रस्त्याच्या बाहेर, पण शेतकऱ्याचं गेट अडवायचं नाही आणि तारेच्या कुंपणापलीकडे जायचं नाही, ती खाजगी जमीन आहे. विजा जवळ पडायला लागल्या की ट्रायपॉड सोडून गाडीत बसा. गारांपासून वाचायला हायवेच्या पुलाखाली गाड्या उभ्या करून रस्ता अडवणारे लोक दिसतील, तसं करू नका, आणि टॉर्नेडोपासून लपायला तर पुलाखाली मुळीच नाही, ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमातल्या टॉर्नेडोत पुलांखाली आसरा घेतलेले लोक मेले आहेत.

निघायच्या आधी स्कायवॉर्नचं (वेदर सर्व्हिसचा वादळ बघून कळवणाऱ्या स्वयंसेवकांचा कार्यक्रम) फुकट प्रशिक्षण घ्या, साधारण दोन तासांचं असतं, त्यात काय दिसलं ते वेदर सर्व्हिसला कसं कळवायचं हे शिकवतात. आणि एखाद्या गावाला टॉर्नेडो लागला आणि तुम्ही तिथे सगळ्यात आधी पोचलात तर चेस तिथेच थांबतो. ९११ ला फोन करा, जमेल ती मदत करा, मदत करणारे आले की रस्ता मोकळा करा. कुणाच्या पडलेल्या घरासमोर उभं राहून व्हिडिओ काढू नका. आपण ज्याच्यासाठी इतक्या लांब येतो त्याच्यामुळे त्या माणसाचा संसार गेलेला असतो.

रात्र: सगळ्यात धोक्याची वेळ

हे ठळक सांगतो. चेसर लोकांना टॉर्नेडोपेक्षा रस्त्याने जास्त मारलंय. २८ मार्च २०१७ ला टेक्सासमध्ये स्पर गावाजवळच्या चौकात दोन चेसर गाड्यांची टक्कर होऊन तिघे गेले. २९ एप्रिल २०२२ ला ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी कॅन्ससमधून चेस करून परत येत होते, ओल्या आय-३५ हायवेवर गाडी घसरली आणि ट्रकची धडक बसली. विशी-बाविशीची मुलं. वादळ मागे राहिलं होतं, घराकडे निघाले होते.

म्हणून अंधार पडला की ड्रायव्हर बदला, दिवसभर चालवलेला माणूस रात्री चालवणार नाही. पावसात वेग कमी, क्रूझ कंट्रोल बंद. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर ते किती खोल आहे याचा अंदाज रात्री येत नाही, सरळ मागे वळा. हरणं याच वेळी रस्त्यावर येतात. मोटेल दीडशे मैलांवर स्वस्त आणि वीस मैलांवर महाग असेल तर वीस मैलांवरचं घ्या.

बुकिंग मी संध्याकाळी चेस संपल्या संपल्या, गाडी उभी असताना करायला सांगतो, सकाळी नाही, कारण दिवस कुठे संपेल ते सकाळी माहीत नसतं. अपवाद मेमोरियल डेचा वीकेंड, मे महिन्याचा शेवटचा सोमवार, तेव्हा छोट्या गावातही खोल्या मिळत नाहीत, कॅन्सल करता येईल असं बुकिंग आधी करून ठेवा. रूमवर आल्यावर क्रम ठरलेला: सगळं चार्जिंगला लावा, फोटोंची एक कॉपी हार्ड डिस्कवर, घरी फोन (विशेषतः भारतात, तिथे बातम्यांत काहीतरी भयंकर दाखवलेलं असतं), खिचडी, आंघोळ, पाच मिनिटं उद्याचा आउटलुक, झोप. पहाटे दोनपर्यंत व्हिडिओ एडिट करत बसलात तर दुसऱ्या दिवशीचं ड्रायव्हिंग गेलं समजा.

रिकामे दिवस

वादळ नसलेल्या दिवशी उगाच तीनशे मैल आशेवर पळू नका. कपडे धुवा, ऑइल चेक करा, गाडीची काच घासून साफ करा. कॅन्ससमध्ये ग्रीन्सबर्ग गाव आहे, ४ मे २००७ च्या इएफ-५ (ताकदीच्या सगळ्यात वरच्या श्रेणीच्या) टॉर्नेडोने जवळपास पूर्ण गेलं आणि परत उभं राहिलं, तिथलं म्युझियम प्रत्येक चेसरने बघावं असं मला मनापासून वाटतं. त्याच राज्यात कॉडेल नावाचं छोटं गाव आहे, तिथे १९१६, १९१७ आणि १९१८, तिन्ही वर्षी २० मे याच तारखेला टॉर्नेडो आला. अमरिलोजवळ पालो ड्युरो कॅन्यन, पश्चिम कॅन्ससमध्ये माळरानावर उभे असलेले खडूचे मॉन्युमेंट रॉक्स. एक दिवस असा शांत गेला की पुढचे तीन दिवस गाडीत भांडणं होत नाहीत.

परत आल्यावर गाडी धुताना रेडिएटरची जाळीही धुवा, त्यात किडे अडकून इंजिन तापतं. टायरचे खिळे-दगड बघा. काचेला बारीक तडा असेल तर लगेच दाखवा, छोटा असताना भरून मिळतो. आणि ओक्लाहोमा-कॅन्ससचे टोल आता नंबर प्लेटचा फोटो काढून घेतात, बिल नंतर पोस्टाने येतं, गाडी भाड्याची असेल तर कंपनी त्यावर स्वतःची फी लावते, म्हणून खर्च वाटून घेताना तेवढी रक्कम महिनाभर बाजूला ठेवा.